अज्जीनं मोजायचं

"एका मुलाबरोबर एकच मोठं माणूस," चंदन सर कन्नडात म्हणाला, तेही नेमकं तुंगाबाईंकडे बघून.

राजाजीनगरातल्या त्या हॉलमध्ये निळ्या गाद्या अंथरल्या होत्या आणि दीड-दोन वर्षांची पोरं आपापल्या आयांना चिकटून बसली होती. जिम्नॅस्टिक्स म्हणे. ज्यांना धड चड्डी वर ओढता येत नाही, त्यांना जिम्नॅस्टिक्स. सिद्धी आज्जीच्या, तुंगाबाईंच्या कडेवर, तोंड खांद्यात खुपसून. शेजारी श्वेता उभी, म्हणजे जावयाची नवी बायको. हा क्लास तिनंच शोधून काढलेला.

"मीच जाते गादीवर," तुंगाबाई म्हणाल्या. "नव्या जागेला पोर स्वल्प भिते."

"आई, प्लीज. आज मी ट्राय करू?"

ह्या 'ट्राय'वर बरंच काही अडलं होतं. सिद्धीला जन्म दिला आणि रूपश्री, तुंगाबाईंची एकुलती लेक, दवाखान्यातून घरी आलीच नाही. पोर चामराजपेटेत वाढली, आज्जीच्या शिलाई मशीनच्या खडखडाटात. ब्लाऊजच्या चिंध्या हीच तिची खेळणी. जावई सुशांत मूळचा पुण्याकडचा, नोकरी इथंच आयटीत. रविवारी यायचा, लेकीला मांडीवर घेऊन बसायचा आणि डोळे पुसत परत जायचा. त्यानं पुन्हा लग्न करावं हे तुंगाबाईंनीच लावून धरलं. पण लग्न होऊन पोर द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांच्यानं देववेना.

"पोर आपणहून तुझ्याकडं आली की ने बाई," त्यांनी श्वेताला सांगितलं होतं. "त्यादिवशी मी अडवणार नाही." पोर जाणार नाही याची खात्री होती, म्हणूनच हा मोठेपणा.

"मॅडम, गळ्यातलं काढून ठेवा," चंदन सरनं श्वेताला खूण केली.

श्वेतानं मंगळसूत्र पर्समध्ये टाकलं. मग ड्रेसच्या आतून काळ्या दोऱ्यातला चांदीचा छोटा टाक काढला. तो मात्र तिनं तुंगाबाईंपुढे धरला.

"हा तुमच्याजवळ ठेवाल, आई? पर्समध्ये नको वाटतं."

तुंगाबाईंनी तळहात पुढे केला.

पहिली बायको गेलेल्या घरात दुसरी आली, की तिनं पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा, सकाळी आधी तिला हळदकुंकू लावायचं, अशी एक जुनी रीत. पेटेतल्या मराठी घरांतून ती कधीच उठून गेलेली. तुंगाबाईंनी ती लग्नाच्या वेळी मुद्दाम उकरून काढली. लॅपटॉपवर बोटं चालवणारी मुलगी सवतीला गळ्यात बांधून घ्यायची नाही, वाद होईल, मनं फाटतील आणि पोर आपल्याकडेच राहील, असा त्यांचा डाव होता. श्वेता "बरं" म्हणाली आणि टाक घालून मोकळी झाली. तुंगाबाई तोंडघशी पडल्या. मग शेजारच्या मथुराक्काला सांगत सुटल्या, "आपल्यापुढं घालते, बघ. घरी गेली की काढून फेकत असेल."

आता टाक त्यांच्या हातात होता, अंगाच्या उबेनं कोमट. त्यावर कोरलेल्या बाईच्या कपाळाच्या खाचेत कुंकू मुरलं होतं. एखाददुसऱ्या दिवशी लावून ते तसं मुरत नाही. आणि श्वेताच्या मानेवर दोऱ्यानं घासून काळपट वळ उठला होता. तुंगाबाई टाक मुठीत घेऊन भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.

गादीवर सिद्धीनं आकांत मांडला. अस्वलासारखं चालायचं होतं, ती बसून राहिली. लोळत जायचं होतं, ती ताठ झाली. श्वेता बिचारी स्वतःच अस्वल होऊन तिच्याभोवती फिरली, लोळली, केसांचा पार विस्कोट करून घेतला. बाकीच्या आया हसल्या. सिद्धी "अज्जी, अज्जी" करत बाकाकडे धावत आली आणि तुंगाबाईंच्या लुगड्यात शिरली.

तुंगाबाईंना बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, त्यांना तेही कळत होतं, पण बरं वाटलं. त्यांनी नातीचं नाक पुसलं, पाणी पाजलं आणि परत गादीवर सोडलं.

शेवटी उडी होती. फोमच्या ठोकळ्यावर पोराला उभं करायचं, आईनं समोर हात पसरून बसायचं आणि पोरानं तिच्या अंगावर उडी घ्यायची. एकेक पोर धपकन पडत होतं आणि हसत होतं. सिद्धीची पाळी आली. चंदन सरनं तिला ठोकळ्यावर ठेवलं. श्वेता गुडघ्यांवर बसली आणि तिनं हात पुढे केले.

"ये सिद्धी. ये ना."

सिद्धीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं रडत बाकाकडे हात पसरले.

"अज्जी."

घरी मशीनच्या स्टुलावरून ती अशीच उड्या मारायची. आज्जीनं तीनपर्यंत मोजायचं, मग हिनं उडी घ्यायची. मोजल्याशिवाय पाय उचलायची नाही, कितीही गोंजारा. हे श्वेताला ठाऊक नव्हतं. तुंगाबाईंनी ते तिला सांगितलंच नव्हतं.

"पुढच्या वेळी बघू, मॅडम," चंदन सर म्हणाला.

"एक मिनिट, सर. प्लीज."

श्वेता हात खाली घेत नव्हती. तुंगाबाईंनी नुसतं उठायचं होतं. दोन पावलं पुढं टाकली असती, तर पोर त्यांच्या गळ्यात पडली असती, आणि आज रात्री चामराजपेटेतल्या खाटेवर त्यांच्या कुशीत झोपली असती. उद्याही आणि परवाही. त्या उठल्या नाहीत. मुठीतल्या टाकाची कड हाताला टोचत होती. माझ्या लेकीला जी रोज कुंकू लावते, तिला मी किती दिवस उपाशी हातांनी बसवू, असं त्यांच्या मनात आलं.

"सिद्धी," त्यांनी बाकावरूनच हाक मारली. "माझ्याकडं नाही, तिकडं बघ. मी मोजते."

सिद्धी रडायची थांबली.

"ओंदु," तुंगाबाई कन्नडात मोजू लागल्या. "एरडु."

सिद्धीनं गुडघे वाकवले. तुंगाबाई तिथंच अडल्या. पोर वाट बघत होती, श्वेता वाट बघत होती.

"मूरु."

सिद्धीनं उडी घेतली. ती श्वेताच्या छातीवर आदळली, दोघी मागे गादीवर पडल्या. सिद्धी खदखदून हसली. श्वेतानं तिला घट्ट धरलं होतं. सिद्धीनं मान वर करून जवळून तिचा चेहरा न्याहाळला, तिच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाली, "इन्नोंदु सल."

श्वेता गोंधळली. पुण्याहून येऊन तिला वर्षही झालं नव्हतं, आणि पोरीचं निम्मं बोलणं कन्नड. डोळे पुसत तिनं बाकाकडे बघितलं.

"काय म्हणतेय ती, आई?"

तुंगाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"पुन्हा एकदा, म्हणते," त्या म्हणाल्या. "ठेव तिला वर. मी मोजते."