न झटकलेली सतरंजी

मित्रांनो, दारातल्या पायपुसण्याशी माझी गल्लत करू नका. मी एक जुनी सतरंजी आहे. माझे रंग उडाले आहेत, एका कोपऱ्यावर इस्त्रीचा डाग आहे. पण माझ्या चारही कडांना जाड किरमिजी ताडपत्रीची पट्टी शिवलेली आहे आणि ती अजून कुठेही उसवलेली नाही. असा मान किती सतरंज्यांना मिळतो, ते विचारून पाहा.

माझा जन्म मागावर झाला. मला विणणाऱ्या बाईकडचे पिवळे सूत संपत आले, म्हणून माझा शेवटचा पिवळा पट्टा बारीक राहिला. त्या पट्ट्यापायी मी दुकानात पुष्कळ दिवस पडून होते. गिऱ्हाईक यायचे, मला उलगडायचे आणि नाक मुरडून पुढे जायचे. मग एक दिवस तंबू आणि ट्रकवरच्या ताडपत्र्या शिवणारा एक तरुण कारागीर आला. त्याने मला दोन्ही हातांनी ताणून पाहिले आणि म्हणाला, "वीण घट्ट आहे. पट्ट्याचं काय घेऊन बसलात?" तेच आमचे आजोबा. तेव्हा ते कोणाचेच आजोबा नव्हते, त्यांचे लग्नही नुकतेच झाले होते.

त्यांनीच आपल्या मशीनवर मला तो किरमिजी काठ लावला. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे तुम्ही शाळेत शिकला असाल. आमच्या आजोबांचे पाय लांब. ते कायम माझ्या बाहेर जायचे आणि आजी दर वेळी हीच म्हण त्यांना ऐकवायची.

माझे खरे काम वर्षातून एकदा असे. थंडी पडण्याआधी सारे घर डोंगरावर सहलीला जायचे. तिथे गाड्या लावायला मोकळी जागा होती, तंबू ठोकायला ओटे होते, पाण्याचा नळ होता. उंच सरळ झाडांची सुयांसारखी वाळकी पाने जमिनीवर पसरलेली असत आणि पलीकडच्या उतारावर खारींची बिळे होती. या खारी झाडावर राहणाऱ्या नव्हेत. जमिनीत घर करणाऱ्या, अंगाने थोराड, माणसाला न बुजणाऱ्या. आजोबांच्या कोटाच्या उजव्या खिशात शेंगदाणे असायचे. ते खिशावर थाप मारायचे आणि खारी लगबगीने माझ्या काठापर्यंत यायच्या.

फाटकाशी एक पाटी होती. 'वन्य प्राण्यांना खाऊ घालू नका. बिळांजवळ बसू नका.' आजोबा ती दरवर्षी मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "हे नव्या लोकांसाठी आहे. आपण काय नवे आहोत?"

त्या घराची आणखी एक रीत होती. डोंगरावरून परतताना मला झटकायचे नाही. सुया, गवताची कुसळे, सगळे तसेच आत घेऊन माझी घडी घालायची आणि घरी चार दिवस ठेवून द्यायची. "तेवढाच डोंगराचा वास," असे आजोबा म्हणत. खरे सांगते, मला ही रीत फार आवडायची. एरवी बहुतेक कपाटात पडून राहणाऱ्या जिवाला तेवढीच श्रीमंती.

वर्षे गेली. आजोबांना नात झाली. ती सतत काहीतरी गुणगुणायची, म्हणून सगळे तिला भुंगी म्हणायचे. रांगताना ती माझ्यावर धडपडली, दात येताना तिने माझा काठ चावला. मी तिला कधी टोचले नाही.

ती नऊ वर्षांची असताना आम्ही असेच डोंगरावर गेलो. नेहमीच्या जागी मला अंथरले. आजोबांनी खिशावर थाप मारली. एकही खार आली नाही. पुन्हा थाप मारली. कुठे चीं नाही की चूं नाही.

"उशीर केला आपण या वर्षी," आजोबा म्हणाले. "रुसल्या असतील."

"खारी कशाला रुसतील? तुम्हीच रुसाल," आजी म्हणाली.

पण आजोबांना चैन पडेना. डबे खाऊन झाल्यावर त्यांनी मला उचलले आणि थेट उतारावर, बिळांना लागून अंथरले. दोन बिळे तर माझ्याखालीच गेली. त्यांनी बिळांच्या तोंडाशी शेंगदाणे पसरले. भुंगी पोटावर पालथी पडली आणि बिळात तोंड घालून हाका मारू लागली, "या ना गं, आजोबा आलेत." हाका मारता मारता तिथेच तिचा डोळा लागला. माझ्या धाग्यांतून काहीतरी बारीक टुणटुण उडत होते. मला वाटले, वाऱ्याने वाळू उडते आहे.

संध्याकाळी रीतीप्रमाणे मला न झटकता घडी घातली आणि घरी भुंगीच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवले.

चार दिवसांनी भुंगीला ताप आला. आईने तापाचे औषध दिले, कपाळावर ओली पट्टी ठेवली. "हवा बदलली की होतंच," सगळे म्हणाले. पण तिचे गुणगुणणे थांबले, आणि त्या घरात ते कधी थांबत नसे. दुसऱ्या दिवशी ती लंगडत उठली. आजीने जवळ घेऊन पाहिले, तर जांघेत सुपारीएवढी गाठ. हात लावू देईना. आजीच्या तोंडचे पाणी पळाले.

दवाखान्यात बसायला पुरेशी बाके नसतात, म्हणून आजीने निघताना मला काखोटीला मारले. तापाच्या गडबडीत मला झटकायचे राहूनच गेले होते. आत भुंगीला तपासले आणि तरुण डॉक्टरबाई बाहेर आल्या.

"ताई, गेल्या आठवड्यात तुम्ही कुठे बाहेर गेला होता का?" त्यांनी भुंगीच्या आईला विचारले.

"कुठेच नाही हो. घर, शाळा, घर."

आई खोटे बोलत नव्हती. जिथे आपण दरवर्षी जातो ते तिला 'बाहेर' वाटलेच नव्हते. डॉक्टरबाई मान हलवून वळल्या. तेवढ्यात आजीने भिंतीशी मला उलगडले आणि स्वच्छ फरशीवर वाळक्या सुया, कुसळे, माती असा सडा पडला.

डॉक्टरबाई थांबल्या. "आजी, ही कुठे अंथरली होती?"

"डोंगरावर. आमची नेहमीची जागा आहे तिथे."

आजोबा फरशीकडे बघत होते. मग म्हणाले, "नेहमीच्या जागी नाही. या खेपेला मी पुढे नेली. खारींच्या बिळांवर."

"खारी होत्या?"

"एकही नव्हती."

डॉक्टरबाईंचा आवाज बदलला. "सगळे बाजूला व्हा. त्या सतरंजीला हात लावू नका." मग त्यांनी भराभर सांगितले. "हा प्लेग असू शकतो. माणसांत आता फारसा दिसत नाही, पण रानातल्या खारी-उंदरांमध्ये अधूनमधून येतो. खारी मरतात आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा उपाशीपोटी बिळांच्या तोंडाशी बसून राहतात. जो जवळ येईल त्याला चावतात."

"आता?" आजोबांनी विचारले.

"औषध आहे, आणि चांगलं आहे. फक्त वेळेत मिळायला हवं. रक्त तपासायला पाठवते, पण उत्तराची वाट बघत नाही. औषध आत्ता सुरू करते. तुम्हा सगळ्यांनाही गोळ्या घ्याव्या लागतील."

मला चिमट्याने उचलून जाड पिशवीत भरले आणि तोंड बांधले. पिशवीत पडण्याआधी आजोबांचे बोलणे कानी आले. "जाळून टाका ती."

पिशवीत अंधार होता, औषधाचा उग्र वास होता. जाळतील याची भीती वाटलीच, पण जीव अडकला होता तो दुसरीकडे. भुंगी वाचली की नाही, हे मला कोण सांगणार? ज्या वासाची मी एवढी ऐट मिरवली, त्या वासाबरोबर मी काय काय घरात आणले, याचा विचार करत मी पडून राहिले. ती पिसू तिला डोंगरावर चावली की पलंगाशी, ते मला आजही ठाऊक नाही.

मला जाळले नाही. "गरज नाही," असे आरोग्य खात्याच्या माणसाने सांगितले. मग मला कढत पाण्यात घातले, पिळले आणि मागच्या अंगणात दोरीवर टाकले. मी निथळत होते आणि घराच्या खिडकीतून आवाज आला. बारीक, दमलेला, सुरात नसलेला. भुंगी गुणगुणत होती. मी आधीच ओली होते ते बरे झाले.

डोंगर काही काळ लोकांना बंद होता. आरोग्य खात्याच्या माणसांनी येऊन बिळाबिळांत पिसवा मारणारी भुकटी टाकली. खारींना कोणी मारले नाही, ज्या उरल्या होत्या त्यांची पिल्ले पुढे वाढली. पुढच्या वर्षी फाटक उघडल्यावर आम्ही पुन्हा गेलो. आजोबांनी पाटी मोठ्याने वाचली, आणि या वेळी ती पाळलीही. मला बिळांपासून लांब, नळाजवळच्या मोकळ्या जागेत अंथरले.

थोड्या वेळाने उतारावर एक खार दोन पायांवर उभी राहिली आणि आमच्याकडे बघू लागली. सवयीने आजोबांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. खिशाचे तोंड बंद होते. त्यांनीच घरी ताडपत्रीच्या जाड दोऱ्याने ते शिवून टाकले होते.

"उसवायचा आहे का?" आजीने हळूच विचारले.

"नको. शिवण चांगली बसली आहे."

खार बराच वेळ उभी होती. मग ती आपल्या वाटेने गवताचे बी शोधायला गेली. आजोबा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

मित्रांनो, रानातल्या जिवांवर माया जरूर करा, पण लांबून करा. जिथे रोज गजबज असते तिथे अचानक सामसूम दिसली, किंवा एखादी खार मरून पडलेली दिसली, तर जवळ जाऊ नका, लगेच तिथल्या राखणदाराला सांगा. घरी आल्यावर ताप आला, तर कुठे बसला होता ते डॉक्टरांना न विसरता सांगा. सतरंजी दर वेळी मध्ये पडेलच असे नाही.

त्या संध्याकाळी माझे दोन कोपरे आजोबांनी धरले, दोन भुंगीने. मला जोराने झटकले. सुया गेल्या, कुसळे गेली, डोंगराचा वासही गेला. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले. पण समोर भुंगी होती, एक वर्षाने उंच झालेली, आणि झटकता झटकता गुणगुणत होती. मी म्हटले, अजून एकदा झटका.