हिरव्या पट्ट्यातला अंगठा

मावशींच्या उजव्या अंगठ्याला रबरी टोपी होती, टोपीतून वायर निघाली होती, आणि वायर जिथं संपत होती तिथं त्यांचे जावई बसले होते. सत्तावीस वर्षं लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करणाऱ्या बाईवर याहून अवघड प्रसंग आला नव्हता. यंत्र बनवणारा परका असता, तर टोपी काढून त्याच्या हातात दिली असती. जावयाच्या हातात काय देणार? चहा दिला.

यंत्राचं काम साधं होतं. स्नायूवर किती जोर पडतो ते टोपी मोजणार, भिंतीवरचा स्क्रीन दाखवणार. वीस ते तीस न्यूटन हिरवं, त्यावर लाल. शुक्रवार संध्याकाळपर्यंत एका तरी पेशंटवर सलग पाच मिनिटं हिरव्यात राहिल्या, तर मावशी मालिशच्या टेबलापाशी. नाहीतर सोमवारपासून शेकाच्या पिशव्या गरम करायला. क्लिनिकच्या मॅनेजरबाईंनी हे हसतमुखानं सांगितलं होतं. चार दिवस सगळं लालच चाललं होतं, आणि आज शुक्रवार होता.

टेबलावर कुशीवर झोपलेले निवृत्त हेडमास्तर स्क्रीनकडे डोळे लावून होते. स्क्रीन पेशंटला दिसेल असाच टांगला होता. पारदर्शकता, असं जावई म्हणाले होते.

"अठ्ठावीस... एकतीस... चौतीस! मावशी, नापास!"

"मास्तर, तिकडे बघू नका हो. आकडा चढला की तुमचा खांदा दगड होतो."

"मी नुसता वाचतोय."

"आई, हात जरा हलका ठेवा ना," जावई म्हणाले.

"हात आहे तिथंच आहे, जावईबापू. मास्तरच खालून वर येतायत."

"सेन्सर खोटं बोलत नाही, आई."

मावशींनी उत्तर गिळलं. सोमवारी सकाळीच लेकीचा फोन आला होता, "त्यांना काही बोलू नकोस हं, चार महिने मान वर केलेली नाही त्यांनी." तेव्हापासून गिळलेल्या उत्तरांनीच त्यांचं पोट भरलं होतं.

मास्तर बावीस वेळा नापास करून घरी गेले. साडेचार वाजता जावई दाराकडे मान वळवायला गेले, आणि ती वळलीच नाही.

"आई गं!"

"आता कुठली आई, ही की ती?" मावशी म्हणाल्या. "झोपा टेबलावर. पालथे."

"पण रीडिंग राहिलंय—"

"टोपी काढलीय कुठं मी? तुम्हीच पेशंट."

जावई पालथे झाले. टेबलाला तोंडासाठी भोक होतं, पण त्यांनी तोंड भोकात घालण्याऐवजी वर काढलं. "पस्तीस! बघा आई, पस्तीस!"

मावशींनी डाव्या हातानं जावयाचं डोकं धरलं आणि भोकात बसवलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच. बरं वाटलं.

भोकातून फक्त फरशी दिसते. "किती झाले?" फरशीकडून आवाज आला.

"फरशी मोजा."

मानेचा स्नायू अंगठ्याखाली हळूहळू सैल झाला. स्क्रीनकडे न बघताच मावशींना ते कळलं. बघितलं तेव्हा सव्वीस होते. तिसऱ्या मिनिटाला जावई घोरू लागले. पाचव्या मिनिटाला यंत्र किणकिणलं: नोंद करण्यासाठी बटण दाबा. हात तेलानं माखलेले होते. मावशींनी कोपरानं दाबलं.

जावई उठले, मान वळवून पाहिली, आणि मग स्क्रीनवरची सरळ हिरवी रेघ पाहिली.

"आई! जमला की तुम्हाला हलका हात!"

पाच दिवसांचं गिळलेलं सगळं एकदम घशाशी आलं.

"हात तोच आहे! तुमचं बघणं थांबलं, एवढंच! तो डबा भिंतीकडे फिरवा आधी!"

जावयांनी फिरवला. अहवालात मात्र 'यंत्रात महत्त्वाची सुधारणा' असं लिहिलं.

सोमवारी मास्तर कुशीवर झोपले. समोर स्क्रीनची पाठ होती.

"मावशी, मला मार्क कसे कळणार?"

"पास आहात. डोळे मिटा."

मास्तरांनी मिटले. पाच मिनिटांनी एक उघडला. "किती मार्कांनी?"