पाणकराचा वाटा

नागभीडच्या बाहेर, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोडून पाडलेल्या लेआउटमध्ये देवाजीच्या मुलाचं, अजयचं घर अगदी पहिलं. कॉलनीच्या पाण्याच्या टाकीला खेटूनच म्हणा ना! नळ सोडला की बादली भरायला मिनिट लागत नसे. तीन गल्ल्या सोडून सगळ्यात शेवटी सुगंधाबाईचं घर. तिच्या नळाला सकाळभर बादली लावून ठेवली तर दुपारी अर्धी व्हायची.

देवाजीची बायको, नीलाबाई, वारली आणि अजयनं बापाला गावाहून इथे आणलं, त्याला दोन वर्षं झाली. पण देवाजीचा जीव काही रमेना. ज्याच्या त्याच्या दाराला लोखंडी फाटक, आणि कॉलनीच्या गप्पा सगळ्या मोबाइलवर. त्याला माणसात आणलं ते सुगंधाबाईनं. ती शेजारच्याच गावची, एकटी राहणारी. संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसलं की दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेच्या, नव्या तांदळाच्या वासाच्या आणि मेलेल्या माणसांच्या गोष्टी निघायच्या, आणि देवाजीला घटकाभर गावी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी ती म्हणाली, "देवाजीभाऊ, मी घर विकून राह्यलो. घुग्घुसले पोरीकडे जातो. पाण्याशिवाय कसं निभन?"

रात्री देवाजीनं अर्धी भाकर ताटातच ठेवली. सुगंधाबाई गेली तर त्याच्या गावाची आठवण असलेलं माणूसच उरणार नव्हतं.

रविवारी कॉलनीच्या समितीची बैठक होती. देवाजी कधी जायचा नाही, त्या दिवशी गेला आणि मागच्या खुर्चीवर बसला. अध्यक्ष सुनिल सर शाळेत मास्तर. बोलायला लागले की तास संपल्याशिवाय थांबत नसत. दुसरी बोअर मारा, मोठी मोटर बसवा, पुढच्यांनी जपून वापरा, असं सगळं बोलून झालं. मग देवाजी उभा राहिला.

"सर, पाणी कमी नाई. वाटणं उलटं आहे. शेवटच्या घरापासून सुरू करा."

लोक हसले. सरांनी मात्र विचारलं, "म्हणजे कसं, भाऊ?"

देवाजी सांगू लागला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं, एवढं तो दोन वर्षांत बोलला नव्हता. गावात तो पाणकर होता. तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना पाळीनं वाटून देणारा माणूस. पाणकराचे नियम दोनच. तलावापासून सगळ्यात दूरची बांधी आधी भिजवायची, आणि पाणकराची स्वतःची सगळ्यांच्या शेवटी. जवळच्याला आधी दिलं तर दूरच्यापर्यंत पाणी पोचतच नाही. आणि पाणकरानं स्वतः आधी घेतलं तर त्याचं कोण ऐकेल?

"मंग तुमीच करा," कोणीतरी म्हणालं. चेष्टेनंच म्हणालं असावं. आठ दिवस करून बघायचं, नाही जमलं तर जुनंच चालू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवाजी बाहेर पडला तो खांद्यावर फावडं घेऊन. व्हॉल्व्ह फिरवायला चावी लागते, फावडं कशाला? पण तीस वर्षांची सवय, पाण्यावर जायचं म्हटलं की हात फावड्याकडेच जायचा. गल्लीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावला. हसू द्या! सुगंधाबाईच्या घरची टाकी मात्र त्या दिवशी काठोकाठ भरली.

सात दिवस नीट गेले. आठव्या दिवशी सकाळी लाइट गेली. कॉलनीची टाकी अर्धीच भरलेली. नेमके त्याच दिवशी सून मयुरीचे आईवडील जेवायला येणार होते. भांडी पडलेली, डाळ शिजायची राहिलेली. मयुरी दारात येऊन म्हणाली, "मामाजी, आजच्या दिवस आपला नळ पहिले सोडा नं. कोणाले दिसते?"

खरं होतं, कोणालाच दिसलं नसतं. चावी त्याच्या हातात होती. त्याचा हात क्षणभर थांबला.

त्याला ते वर्ष आठवलं. पावसानं दगा दिला, तलाव तळाला गेला, पाणी बाकी सगळ्या बांध्यांना पुरलं आणि देवाजीच्या बांधीत भेगा पडल्या. नीलाबाई आठ दिवस बोलली नाही. ताट समोर आदळायची आणि पाठ फिरवायची. मग धान कापणीला आलं. पाणकराला प्रत्येकानं एक पेंढी द्यायची रीत होती. त्या वर्षी ज्यानं त्यानं दोन दोन आणून टाकल्या. अंगण भरलं. नीलाबाई पेंढ्यांकडे बघत राहिली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पुढच्या सालीबी आपली बांधी शेवटीच ठेवजा."

देवाजी चावी घेऊन शेवटच्या गल्लीकडे चालू लागला. मयुरीनं मागे दार आपटलं.

सगळ्या घरांना पाणी मिळालं. त्याचा एकट्याचा नळ उरला, आणि टाकी संपली.

अकरा वाजत आले. स्वयंपाकघरात मयुरी रिकामी भांडी जरा जास्तच वाजवत होती. देवाजी ओसरीवर मान खाली घालून बसला. एकदा बायकोला दुखवलं, आता सुनेलाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला फार अपराधी वाटलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. सुगंधाबाई. डोक्यावर पाण्यानं भरलेला पितळी गुंड, कडेवर दुसरा. शेवटच्या गल्लीपासून भर उन्हात चालत आलेली. तिच्यामागे सुनिल सर दोन्ही हातांत कॅन घेऊन, आणि त्यांच्यामागे दुसऱ्या गल्लीतल्या तीन-चार बायका. पहिल्या दिवशी फावड्याला हसलेल्याच.

"मयुरी, धर वं," सुगंधाबाई धापा टाकत म्हणाली. "पाणकराचा वाटा आहे. कुठी ठेवू?"

मयुरी बाहेर येऊन बघतच राहिली. मग पुढे होऊन तिनं सुगंधाबाईच्या डोक्यावरचा गुंड उतरवून घेतला.

"आन घुग्घुस?" देवाजीनं हळूच विचारलं.

"आता कायले जाऊ, भाऊ? गिऱ्हाइकाले नाई म्हनून सांगतलं."

लोक पाणी ठेवून गेले. डाळ चुलीवर चढली. मयुरी ओसरीवर आली, देवाजीपुढे चहा ठेवला आणि दुसरीकडेच बघत म्हणाली, "मामाजी, उद्याही आपलं शेवटीच ठेवजा."

देवाजीनं चमकून वर पाहिलं. नीलाबाईचं ते बोलणं त्यानं तिला कधीच सांगितलं नव्हतं. त्याला एकदम भरून आलं. सुनेपुढे नको म्हणून तो घाईघाईनं उठला, अंगणात गेला आणि तोंडावर पाणी मारायला नळ फिरवला. नळात थेंब नव्हता.