कुंपणाबाहेरचा सामना

मी चेंडू बोलतोय. जाड चामड्याचा, थोडा वाकडा, पेलोतास गावचा. इतकी वर्षं गप्प होतो. पण परवा एक गृहस्थ माझ्यापुढे उभे राहून पाहुण्यांना म्हणाले, "हा बघा, आपल्या क्लबचा मानाचा चेंडू!" माझं टाळकंच सटकलं. आपल्या क्लबचा? मी तुमचा कधी झालो?

मला शिवलं होनोरातोनं. ब्राझीलच्या दक्षिणेला आमचं गाव, मांस खारवून वाळवणाऱ्या कारखान्यांचं, त्यामुळे चामड्याला तोटा नाही. होनोरातो खोगिरं शिवायचा. उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्यानं मला जमवलं. दाभण बोटात घुसलं की शिवी मला द्यायचा, आणि लगेच कुरवाळायचाही. रबरी फुगा आत घालून, हवा भरून त्यानं वरून वादी आवळली आणि बहिणीला हाक मारली, "इदालिना, बघ गं, कसा उडतोय!"

"उडतोय खरा, पण तुझ्या नाकासारखा एका बाजूला फुगलाय," ती म्हणाली.

कारखान्यामागच्या माळावर, वाळत्या मांसाच्या वासात, त्याचा संघ खेळायचा. कुणी खाटीक, कुणी हमाल, कुणी गवंडी. सगळे काळे, सगळ्यांच्या आयांनी गुलामीत दिवस काढलेले. बंदरात आलेल्या इंग्रज खलाशांनाही त्यांनी धूळ चारली होती.

१९१३ साली गावातल्या क्लबांनी मिळून स्पर्धा काढली. होनोरातो इस्त्रीचा सदरा चढवून, मला काखेत मारून संघाचं नाव द्यायला गेला. स्पर्धेचे चिटणीस होते वकील वाल्दोमिरो; गावातला मोठा क्लबही त्यांचाच.

"अरे होनोरातो, तुझा खेळ मी पाहिलाय. पण हातानं काम करणारे आमच्या नियमात बसत नाहीत रे."

"साहेब, खेळायचं तर पायानं आहे ना?"

"नियम म्हणजे नियम."

"मग तुमच्या संघातला तो जर्मन बेकरीवाला? तो काय पायानं पीठ मळतो?"

वाल्दोमिरोंचं हसू आटलं. "त्याची गोष्ट वेगळी," ते म्हणाले. कशी वेगळी, ते विचारायची गरजच नव्हती.

अंतिम सामन्याला आत लाकडी बाकांवर टोपीवाले साहेब आणि छत्र्या घेतलेल्या बायका. बाहेर रस्त्यावर, कुंपणाला नाक लावून आमची माणसं. इदालिना फाटकाशी खोबऱ्याची मिठाई विकत होती. सामना रंगात आला आणि त्यांचा विलायती चेंडू फुस्स झाला. दुसरा नव्हताच. वाल्दोमिरो स्वतः कुंपणापाशी आले. "होनोरातो, तुझा चेंडू दे. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"देऊ नकोस, दादा!" इदालिना कडाडली. "चेंडू चालतो यांना, तू चालत नाहीस!"

होनोरातोनं माझी वादी एकदा आवळून पाहिली. "खेळ अडायला नको," एवढंच म्हणाला आणि त्यानं मला दिलं. ज्या फाटकातून त्याला आत सोडलं नव्हतं, तिथूनच मला मिरवत नेलं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

थोड्या वेळानं कुणीतरी मला आडवंतिडवं हाणलं आणि मी कुंपणावरून रस्त्यावर आलो. होनोरातोनं मला छातीवर झेललं, अलगद पायाशी उतरवलं.

"ए, चेंडू टाक इकडे!" आतून ओरडा झाला.

"या की बाहेर! घ्या!" तो म्हणाला, आणि मला हमालाकडे सरकवलं. हमालानं खाटकाकडे. बघता बघता रस्त्यावर सामना सुरू झाला, आणि काय सामना! बाकांवरची माणसं मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. एका टोपीवाल्यानं तर टाळी वाजवली. ती टाळीच वाल्दोमिरोंना झोंबली.

घोडेस्वार पोलीस आले. एकानं खाली उतरून तलवारीची मूठ होनोरातोच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याच्या रक्ताचा शिंतोडा अंगावर घेऊन मी परत आत गेलो. राहिलेला सामना ते मलाच घेऊन खेळले, वाल्दोमिरोंच्या क्लबनं करंडक उचलला, जेवणावळी झोडल्या. बाहेर काय झालं, कुणी विचारलंही नाही.

काही महिन्यांनी इदालिना क्लबच्या दाराशी आली. "दादाचा पाय आता वाकत नाही. आमच्या लोकांनी आपली वेगळी स्पर्धा काढलीय, तो कडेला बसून सगळ्यांना शिकवतो. निदान चेंडू तरी परत द्या."

"चेंडू आता क्लबचा आहे," वाल्दोमिरो म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून मी या काचेच्या कपाटात आहे. खाली पितळी पाटी, तिच्यावर जिंकलेल्या संघाची नावं. माझ्या शेजारी आता काळ्या खेळाडूंच्या तसबिरीही लावल्यात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं जातं की दिवस बदलले. बदलले ना? मग ती पाटी उखडा आणि होनोरातोचं नाव लिहा. तेवढं करायची लाज वाटत असेल तर कपाट फोडून मला रस्त्यावर फेका. माझं चामडं तडकलंय, पहिल्याच लाथेला मी फाटेन. फाटू दे. निदान खेळताना फाटेन.