चोविसावी बाटली

लॉनमध्ये बारा वस्तू होत्या. सात नाणी, एक पितळी बटण, शिशाचा एक तुकडा, डब्याच्या झाकणाची कडी, चंदेरी कागदाची एक गोळी आणि एक गंजका खिळा. नाणी पाच, दहा आणि पंधरा सेंटिमीटर खोलीवर, बाकी सगळं दहावर. दोन वस्तूंमध्ये साठ सेंटिमीटर अंतर. पुरण्याआधी मी चौकटीच्या कागदावर नकाशा काढला होता. धातूशोधक यंत्राचा कुठला आवाज कशाचा, हे शिकायचं तर जमिनीत काय आहे ते आधी नक्की ठाऊक हवं.

लॉन माझ्या धाकट्या बहिणीचं, विनचं. म्हणजे तिच्या भाड्याच्या घराचं. सफोकमधल्या त्या गावाच्या टोकाला ते शेवटचं घर, मागे झुडपांचं कुंपण आणि त्यापलीकडे शेत. यंत्र आमच्या थोरल्या भावाचं, नेडचं. त्याने ते जुनं विकत घेतलं होतं. मी हेस्टर, मधली. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिघांनी मिळून काही करायला चार वर्षांत जमलं नव्हतं, आणि आता येत्या शनिवारी आम्ही मिस्टर ऑल्डस यांच्या शेतात यंत्र घेऊन जाणार होतो. गहू कापून झाला होता आणि पुढच्या आठवड्यात नांगर फिरणार होता. मधले हे थोडेसेच दिवस शेत मोकळं असतं. फक्त परवानगी मिळायची होती, आणि ती मागायला नेड त्याच दुपारी जाणार होता.

"बाटली घेतलीस का?" विनने विचारलं.

शेतकऱ्याकडे परवानगी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत. व्हिस्की नेतात, निदान बरी वाइन तरी.

"च्यायला," नेड म्हणाला. "आज बुधवार ना? दुकान दुपारी बंद."

"बत्तीस वर्षांचा घोडा झालास, आणि एक बाटली आणता येत नाही."

"तू यंत्र चालव गं. बडबड नको."

विन यंत्र डावीकडून उजवीकडे फिरवत होती. बाराही वस्तू तिने बिनचूक ओळखल्या. मग उत्साहाच्या भरात ती माझ्या नकाशाच्या बाहेर, कुंपणाकडे गेली, आणि यंत्र ओरडायला लागलं.

तो आवाज एका नाण्याचा नव्हता. जवळजवळ पन्नास सेंटिमीटर लांब आणि तीसेक रुंद पट्ट्यात तो थांबून थांबून येत होता, जणू बरेच छोटे तुकडे ओळीने मांडून ठेवलेत.

"प्रोफेसरबाई, हे तुमच्या कागदावर आहे का?" नेडने मला विचारलं.

"नाही."

"मग खणायचं. नवख्यांनी सगळं खणायचं, असं यंत्राच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलंय."

बावीस सेंटिमीटरवर कुजलेलं लाकूड लागलं. ते एका पेटीचं झाकण होतं. माती ओली, चिकट होती. झाकण हाताने उचललं तर पावासारखं तुटलं, आणि खाली चार ओळींत सहा-सहा खाने दिसले. खान्यांत बाटल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर बिअरच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं गंजकं झाकण.

विन टाळ्या वाजवायला लागली. नेडने एक बाटली ओढून काढली आणि पँटला पुसली. लेबल नव्हतं. आत तपकिरी पातळ पदार्थ होता, त्याखाली गढूळ पाणी आणि तळाशी फिकट पिवळा थर.

"कोणीतरी बायकोपासून लपवली असणार," तो म्हणाला. "आणि बिचारा सांगायच्या आत मेला. हेस्टर, हे काय आहे तळाशी?"

मी बाटली उजेडात धरली. पट्टी लावून थर मोजला: अठरा मिलिमीटर. वहीत लिहिला. मग मी एक वाक्य बोलले. ते मी अजून रोज ऐकते.

"यीस्टचा गाळ. बाटलीतच आंबवलेली बिअर असणार."

"पिता येईल?"

"अजिबात नाही. नुसती बघायला ठीक आहे."

"मग झालं की! ऑल्डसना हीच देतो. म्हाताऱ्याकडे व्हिस्कीच्या बाटल्या पडून असतील, पण जमिनीतून निघालेली बिअर कोणी दिली नसेल."

त्याने बाटली चहाच्या फडक्यात गुंडाळली, व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर ठेवली आणि गेला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ऑल्डस यांचं शेत तिथून सात मैल, त्यातले शेवटचे दोन मैल खड्ड्यांचे.

विनने चहा केला. आम्ही खड्ड्याच्या काठावर बसून प्यायलो. ऊन चांगलं होतं. बाहेर टाकलेली माती वाळून फिकट पडत होती.

"हेस, तू सिगरेट ओढायला लागलीस का पुन्हा?" विनने विचारलं.

"नाही. का?"

"मग ते काय?"

मातीच्या ढिगातून धूर येत होता. पांढरा, दाट, बोटाएवढा. मी वाकले. लसणासारखा वास आला. ढिगात काचेचा एक तुकडा होता, त्याला पिवळा मेणासारखा थर चिकटलेला होता, आणि तो थर आपोआप, कोणी काडी न लावता, जळत होता.

ओलं असेपर्यंत गप्प, वाळला की पेट घेतो, असा पिवळा मेणासारखा पदार्थ मला एकच माहीत आहे. फॉस्फरस. विद्यापीठात आम्ही तो पाण्याखाली ठेवायचो, पाण्याखालीच कापायचो. आणि बाटलीत पाण्याखालीच तर होता तो.

मग मला बाकीचंही आठवलं. युद्धाच्या काळात, जर्मन उतरतील या भीतीने, गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या राखणदार पथकांना अशा पेट्या वाटल्या होत्या. रणगाड्यावर फेकायच्या बाटल्या. फुटल्या की हवा लागून स्वतःच पेटणाऱ्या, वर बेन्झिन असलेल्या, विझवून न विझणाऱ्या. लोकांनी त्या परसात पुरून ठेवल्या आणि कुठे पुरल्या ते लिहून ठेवलं नाही.

"विन, पाण्याची नळी आण. पळ."

"काय झालं?"

"नळी आण!"

धूर पाण्याखाली दबला. मी नळी खड्ड्यावर धरायला विनकडे दिली आणि पेटीतल्या बाटल्यांना हात न लावता खाने मोजले. चोवीस. बावीस बाटल्या धड. एका खान्यात नुसते काचेचे तुकडे. एक खाना रिकामा.

तो नेडचा.

"तो बाँब घेऊन गेलाय," मी म्हणाले. माझा आवाज अगदी सपाट होता; प्रयोगशाळेत आकडे वाचून दाखवते तसा. विनने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या हातून नळी सुटली.

"तू तर बिअर म्हणालीस."

"हो."

"तू म्हणालीस, हेस!"

"हो. नळी धर. खड्डा भरलेला राहू दे. आणि पोलिसांना फोन लाव."

नेडचा मोबाइल लागत नव्हता. ऑल्डस यांचं घर खोलगट भागात आहे, तिथे कोणाचाच लागत नाही. पण शनिवारच्या योजनेच्या कागदावर त्यांच्या घरच्या फोनचा नंबर होता. माझ्या मोबाइलला रेंज येते ती फक्त जिन्याच्या वरच्या पायरीवर, म्हणून मी तिथे उभी राहिले. तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. तो पोहोचला असणार, किंवा वाटेत कुठेतरी व्हॅन जळत असणार. मी रिंग मोजल्या. नऊ.

"हॅलो?" मिसेस ऑल्डस यांचा आवाज.

"मिसेस ऑल्डस, मी नेडची बहीण, हेस्टर. नेड आलाय का तिथे?"

"आलाय की गं पोरी. हे काय, टेबलाशी बसून केक खातोय. मोठा गोड मुलगा आहे. आमच्या धान्य वाळवायच्या मशीनची वायर याच्यासारखी कोणी..."

"मिसेस ऑल्डस, बाटली कुठे आहे?"

"बाटली ना? अगं, तेच तर हसतोय आम्ही. यांना दम कुठला! म्हणाले, एक घोट घेऊन बघतो, घोटाने कोण मरतंय. पण ओपनर काही बसेना. झाकण गंजून नुसतं काचेला धरलंय. कच्चकन सरकला ओपनर, माझ्या तर अंगावर काटाच आला."

मी पायरीवर बसले.

"आता बाटली कुठे आहे?"

"यांच्याच हातात. पकड आणायला निघालेत शेडमध्ये."

"त्यांना थांबवा. आत्ता. ती बिअर नाही. ती युद्धातली पेट घेणारी बाटली आहे. उघडली तर तुमचं घर जळेल."

मग त्या, मुळीच न ओरडता, म्हणाल्या, "हर्बर्ट. आहेस तिथेच उभा राहा. हलू नकोस."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुत्रं दोनदा भुंकलं. नेडच्या तोंडात अजून केक असणार, तसा त्याचा आवाज आला: "कोण आहे? हेस्टर? काय म्हणतेय?"

"नेडला द्या फोन," मी म्हणाले.

"काय गं प्रोफेसरबाई, परवानगी मिळाली! शनिवारी नऊला..."

"नेड, ऐक. बाटली पालथी करायची नाही, आडवीही करायची नाही, हलवायची नाही. झाकणाला हात लावायचा नाही. दाराबाहेर पाणी आहे का? खोल? गुरांचं टाकं?"

"आहे. अंगणाच्या पलीकडे. का?"

"फॉस्फरस आहे आत. मी चुकले."

तो म्हणाला, "ऑल्डसच्या हाताला काहीतरी ओलं लागलंय म्हणतोय."

"हात पाण्यात घालायला सांग. ताबडतोब, आणि बाहेर काढू नका म्हणावं, पोलीस येईपर्यंत. बाटली तू घे. उभी धर. हळू चाल. टाक्यात उभी ठेव, झाकण बुडेल अशी."

"किती हळू?"

असं त्याने विचारलं. नेडने, जो व्हॅन कोपऱ्यावरून दोन चाकांवर वळवतो.

"दुधाने काठोकाठ भरलेलं पातेलं नेतोयस, असं समज," मी म्हणाले.

"हेस."

"काय?"

"फोन ठेवू नकोस."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर मला फक्त त्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं. नळ सुरू झाला. मिसेस ऑल्डस नवऱ्याशी काहीतरी पुटपुटत होत्या, लहान मुलाशी बोलावं तसं. दार उघडलं. फरशीवर नेडच्या बुटांचा आवाज, मग खडीवर, मग काहीच नाही.

मी सेकंद मोजायला लागले. दुसरं काय करणार? वीस. अंगण किती मोठं आहे, मला माहीत नव्हतं. चाळीस. खाली विन घरच्या फोनवरून पोलिसांना पत्ता सांगत होती, तोच पत्ता तिसऱ्यांदा, आणि दर वेळी घराचा क्रमांक चुकवत होती. साठ. कुत्रं पुन्हा भुंकायला लागलं. ते बाहेर सुटलं असेल तर? नेडच्या पायात आलं तर? नव्वद. एवढा वेळ कसा लागतो? मी काचेच्या आवाजाची वाट पाहत होते. तो कसा येईल, हे मला कळत होतं: आधी काच, मग काहीच नाही, मग एक फुस्स. एकशे दहा. एकशे वीस.

एकशे एकेचाळीसला खडी वाजली.

"ठेवली," नेड म्हणाला. आणि मग तो रडायला लागला. मी त्याला रडताना शेवटचं पाहिलं तेव्हा मी सहा वर्षांची होते.

"हात?"

"माझे कोरडे आहेत. म्हाताऱ्याचे नळाखाली आहेत. हेस, मी ती मांड्यांत धरून आणली. सीटवरून घरंगळायला लागली म्हणून मांड्यांत धरली. सगळ्या खड्ड्यांवरून."

लष्कराची तुकडी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आली. आमच्या बाजूची चार घरं रिकामी करून झाली होती. पेटी त्यांनी वाळूने भरलेल्या डब्यात घालून मागच्या शेतात नेली आणि एकदम जाळली. धुराचा खांब इतका उंच गेला की शेजारच्या गावातून फोन येऊ लागले. विन माझ्या शेजारी उभी होती, पण माझ्याशी बोलत नव्हती. नेड उशिरा आला. तो आम्हा दोघींच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि त्याने आमचे हात धरले. मिस्टर ऑल्डस यांच्या अंगठ्यावर भाजल्याचा एक डाग होता, तेवढाच.

टाक्यातली बाटली जाळण्याआधी सार्जंटने चारही बाजूंनी फोटो काढले होते, प्रत्येकात शेजारी मोजपट्टी धरून. मी मागितले तर त्याने आधी नाही म्हटलं, मग मी काय काम करते ते विचारलं आणि दाखवले. झाकणाच्या खाली, जिथे ओपनर टेकला होता तिथून, मानेभोवती एक चीर गेली होती. मी वही काढली आणि चारही फोटोंवरून आकडे घेतले, दोनदा.

मानेचा घेर पंच्याऐंशी मिलिमीटर. चिरेची लांबी एकोणऐंशी मिलिमीटर.