भट्टीत वाजवून घेतलेलं नाव

त्या गल्लीत उभं राहून नुसतं ‘मृण्मय’ म्हणून हाक मारा, सात पोरं बाहेर येतील. शाळेतल्या बाईंनी वैतागून त्यांना लांबडा मृण्मय, दातपडका मृण्मय, गप्प बसणारा मृण्मय अशी नावं पाडली आहेत. बाहेरच्या जगात हजारांत एखाद्याचं हे नाव सापडलं तर सापडलं. मग एवढ्याशा गल्लीत सात कुठून आले? तर पहिल्याचं ऐकून बाकीच्यांनी उचललं. आणि पहिला मृण्मय झाला तो त्याच्या आईच्या हट्टापायी. निदान ती तरी बरेच दिवस असंच समजत होती.

ही आई बरण्यांच्या कारखान्यात झिलईच्या कामावर होती. चिनी मातीच्या मोठाल्या बरण्या, वर तपकिरी, खाली पिवळ्या. त्यांवर भाजण्याआधी झिलई चढवायची ती ही. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तिला दम भरला, “आता उठायचं नाही.” घरात वाचायला जाडजूड असा एक शब्दकोशच होता, सासूबाई त्याचा उपयोग पापुद्रा सुटलेल्या टेबलावर वजन म्हणून करायच्या. तिने तो उशाशी घेतला आणि ‘अ’पासून वाचायला सुरुवात केली. दिवस भरले तेव्हा ती ‘म’वर आली होती. पोरगं पंधरा दिवस आधी आलं असतं तर बिचाऱ्याचं नाव ‘भ’वरून पडलं असतं.

तिथे तिला तो शब्द दिसला. मृद् म्हणजे माती, मय म्हणजे तिचाच बनलेला. मृण्मय, मातीचा घडलेला. कोशात ते कोणाचं नाव म्हणून नव्हतंच, साधं विशेषण होतं. पण ज्या घरात तीन पिढ्या मातीवर जेवल्या, त्या घरातल्या पोराला याहून चांगलं नाव कुठलं असणार? तिने घरात सांगितलं मात्र, आणि गहजब झाला.

“मातीचा? अगं, नावाची पार माती केलीस की!” सासूबाई म्हणाल्या. त्यांना आपल्या वडिलांचं विश्वनाथ हवं होतं. नवऱ्याला आरव हवं होतं. तो भट्टी भरायचा, माणूस तसा गरीब, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. गल्लीत तीन आरव आधीच होते. “म्हणजे चांगलं असणार ना, उगीच का तिघांनी ठेवलं?” हा त्याचा युक्तिवाद.

राहिले सासरे. त्यांना सगळा कारखाना कानसेन म्हणायचा. भट्टीतून निघालेली प्रत्येक बरणी त्यांच्या हाताखालून जायची. ते बोटाच्या पेराने एक टिचकी मारायचे. खणखणीत वाजली तर उजवीकडे, बद्द वाजली तर डावीकडे. डोळ्यांना न दिसणारा केसाएवढा तडा त्यांच्या टिचकीतून सुटायचा नाही. चाळीस वर्षं हेच काम, आणि बाहेर गेलेली त्यांची बरणी तडकली म्हणून परत आली असं कोणी ऐकलं नव्हतं. सूनबाईला या माणसाचं भारी कौतुक. म्हणून तर ती एका संध्याकाळी मोठ्या आशेने त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, मृण्मय कसं वाटतं?” ते पंच्याची घडी घालत राहिले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. झालं! तिने मनाशी धरलं, नाव पसंत नाही आणि बहुधा आपणही नाही.

पण शेवटचा शब्द कानसेनांचाच होता, कारण कारखान्याची रीत तशी होती. कोणाच्याही घरी मूल झालं की भट्टी निवल्यावर बापाने आत जायचं, लोखंडी दार लोटून घ्यायचं आणि ठरवलेली नावं एकेक करून आतून म्हणायची. बाहेर पारखणारा उभा. जे नाव बरणीसारखं स्वच्छ वाजेल ते पोराचं. कोणी सुरू केलं देव जाणे, पण मालकीणबाईंच्या मुलांचीही नावं अशीच वाजवून घेतलेली होती.

नाव वाजवायच्या आदल्या दिवशी ती बाळाला खांद्यावर टाकून सासऱ्यांचा डबा द्यायला गेली. ते पाठमोरे बसून टिचक्या मारत होते. तेवढ्यात त्यांच्यामागे हमालाच्या हातून बरण्यांची अख्खी उतरंड सुटली. काय तो आवाज! बाळाने टाहो फोडला, मालकीणबाई कचेरीतून धावत आल्या, आणि कानसेन? ते शांतपणे पुढची बरणी ओढून घेत होते.

तिला शंका आली. सगळे पांगल्यावर ती त्यांच्यामागे जाऊन मोठ्याने म्हणाली, “बाबा, तुमची चप्पल जळतेय.” टिचकी. बरणी उजवीकडे. “बाबा, आईंनी दुसरं लग्न केलं.” टिचकी. बरणी डावीकडे.

मग ती बाजूला सरकून नीट बघू लागली. उजव्या हाताचं पेर वाजत होतं, पण डावा तळवा प्रत्येक बरणीच्या पोटाखाली पसरलेला होता, अगदी अलगद. तिने डावीकडची एक उचलून स्वतः वाजवून पाहिली. बद्द! दुसरी. बद्द! एकही चूक नाही. कान गेले होते आणि या माणसाने ते काम गुपचूप तळव्याला शिकवलं होतं. कधी शिकवलं, किती दिवस कोणाला न कळू देता सराव केला असेल, याचा विचार करून तिचे डोळे भरून आले. त्या संध्याकाळी ते गप्प का राहिले, तेही आत्ता उमगलं.

आणि लगेच दुसरी भीती. उद्या सगळ्या कारखान्यासमोर त्यांना नाव ऐकायचं होतं. काही चुकीचं बोलून गेले तर बभ्रा होणार. बहिऱ्या माणसाला पारखायला कोण ठेवील? आणि हे काम काढून घेतलं तर बाबा उरणार किती?

जेवताना तिने जाहीर केलं, “आरवच ठेवू या. उद्याचं ते वाजवणं वगैरे काही नको.”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी संशयाने बघितलं, “इतके दिवस मृण्मय मृण्मय करून डोकं खाल्लंस, आणि आता गं काय झालं?”

सासरे समोरच बसले होते. सुनेच्या ओठांकडे ते टक लावून बघत होते. “नावं तीन आहेत,” ते म्हणाले, “तिन्ही वाजतील.” आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी भट्टीपुढे पन्नास माणसं जमली. नवरा आत गेला, दार लोटलं. कानसेन पुढे झाले आणि डावा तळवा दारावर ठेवून उभे राहिले. दर वेळी ते कान लावायचे, पण तेवढं कोण लक्षात घेतंय! आतून दणदणीत आवाज आला, “विश्वनाथ!” तीनदा. कानसेनांनी मान हलवली, नाही. मग “आरव!” पठ्ठ्याने असा काही गळा काढला की बाहेरचे हसायला लागले. कानसेनांनी पुन्हा नकाराची मान हलवली.

तिसऱ्या नावाला मात्र आतून काहीच येईना. नवरा रुसला होता. दाराला पाठ टेकून तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, आणि बाहेर कोणाला म्हणून ते ऐकू आलं नाही.

कानसेनांनी डोळे मिटले. तळवा दारावर घट्ट दाबला. “हे,” ते म्हणाले. “हेच ठेवायचं.”

“अहो, हे कुठलं?” हमाल ओरडला. “आतून आवाजच नाही आला!” सगळ्यांनी त्याची री ओढली. नवराही बाहेर येऊन म्हणाला, “बाबा, मी धड बोललोच नाही. तुम्ही ऐकलंत काय?” मालकीणबाई पुढे आल्या, “खरंच, काय ऐकलंत?”

सुनेने त्यांच्याकडे बघून डोळ्यांनी विनवलं, नको, बाबा, सोडून द्या. आरव म्हणा आणि मोकळे व्हा. त्यांनी ते बरोबर वाचलं. आणि तरीही ते सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले.

“ऐकलं काहीच नाही,” ते म्हणाले. “मला तीन वर्षं ऐकू येत नाही. बरण्या मी हाताने पारखतो. पहिली दोन नावं दारावर आदळली आणि गेली. हे नाव लोखंडात घुमत राहिलं, कोपरापर्यंत आलं. तीन वर्षांत मला कळलेलं हे पहिलं नाव. माझं काम काढून घ्या हवं तर, पण सुनेचं नाव बद्द आहे असं मी म्हणणार नाही. ते चोख आहे.”

 मग सासूबाई डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, “चाळीस वर्षांत या माणसाने माझं एक ऐकलं नाही. मला बाई फरकच कळला नाही!” आणि सगळे हसले, त्या रडत होत्या तरी.

कानसेन मात्र मालकीणबाईंकडे बघत होते. सासऱ्यांचा चेहरा असा झाला होता की सुनेला तिकडे बघवेना. मालकीणबाई दाराजवळच्या बरण्यांच्या रांगेकडे बघत काहीतरी म्हणाल्या. बाईंचं तोंड पलीकडे असल्यामुळे कानसेनांना ते वाचता आलं नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

ती बाळाला घेऊन त्यांच्या अगदी समोर आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “त्या म्हणतायत, तीन वर्षांत एक बरणी परत आलेली नाही. सोमवारी भट्टी उघडतेय. वेळेवर या.”

त्यांनी मान डोलावली, पंचा तोंडावर घेतला आणि भट्टीच्या दाराकडे वळून रडू लागले. त्यांना वाटलं असेल, कोणाला कळणार नाही. पन्नास माणसं मान खाली घालून उभी होती, आणि आपण किती मोठ्याने रडतोय हे त्यांचं त्यांना ऐकू येत नव्हतं.