मटकीचे नापास दाणे

चौतीस वर्षं पुण्यात गणित शिकवून निवृत्त झालेल्या चंद्रशेखर मास्तरांना जगात दोन गोष्टींची शिसारी होती: कॅल्क्युलेटर आणि बुळबुळीत काहीही. भेंडी पानात पडली तर ते मान वळवून खात. परदेशात, पामर्स्टन नॉर्थला, लेकीकडे, मुग्धाकडे, येऊन पाच महिने झाले होते, सोमवारी परतीचं विमान होतं, आणि बारा वर्षांची नात सिद्धी एकदाही वही घेऊन त्यांच्या शेजारी बसली नव्हती. वर्गमूळ हवं असलं की ती फोनला विचारी.

शेवटी तिच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन मदतीला आलं. मास्तरांनी जाहीर केलं, की मटकीचं मूळसुद्धा गणितच पाळतं. जितके तास, त्याच्या वर्गमुळाइतके मिलिमीटर. नऊ तासांना तीन, सोळा तासांना चार.

"प्रूव्ह इट," सिद्धी म्हणाली. "मग मी टेन स्क्वेअर रूट्स हाताने काढते. डील?"

"डील," मास्तर म्हणाले, आणि हा शब्द तोंडातून गेला म्हणून त्यांनी चूळ भरली.

भिजवलेले शंभर दाणे फडक्यात बांधून त्यांनी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवले. थंडीत या घरातलं दही, इडलीचं पीठ आणि टॉवेल, सगळ्यांची उबदार जागा तीच.

नवव्या तासाला वीसेक दाण्यांची मुळं चार मिलिमीटर भरली. मास्तरांनी त्यांना आगाऊ ठरवून बाहेर काढलं. काही दोनवरच रेंगाळले होते, ते आळशी. अन्न टाकवेना, म्हणून नापासांची रवानगी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात झाली. घट्ट झाकण लावून डबा टॉवेलांमागे.

"अहो, मटकीची कसली परीक्षा घेताय?" सुनेत्राबाईंनी नवऱ्याला विचारलं. "धुवून तरी ठेवा."

"परीक्षा चालू असताना कुणी आंघोळ घालत नाही."

छत्तिसाव्या तासाला फडक्यात अकरा दाणे उरले. सगळे बरोब्बर सहा मिलिमीटर.

पाचव्या दिवशी जावई, सागर, ऑफिसातून लवकर घरी आला. कडाक्याच्या थंडीत सहकाऱ्यांनी खिडक्या का उघडल्या, हे तो बोलला नाही. आपला टॉवेल कुठे ठेवतात, एवढंच त्याने विचारलं. मुग्धाने कपाटातून डबा ओढला. फुगलेलं झाकण बोट लागताच उडालं.

गटारात कुणी ताक घुसळावं तसा वास घरभर पसरला. पिवळट चिकात एकोणनव्वद दाणे मुळात मूळ अडकवून पडले होते. काही मुळं बोटभर झाली होती. नापास केल्यावर त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

"आजोबा, स्टार्ट हंड्रेडने केलेलं ना?" नाक दाबून सिद्धीने विचारलं. "हे काढून टाकलेत? दॅट्स चीटिंग!"

कॉपी करणाऱ्या पोरांना मास्तर हेच म्हणत, फक्त मराठीत.

"सगळे मोजायचे," ती म्हणाली. "तुम्ही सोडवा, मी पट्टी धरते."

सिंकशेजारच्या ओट्यावर डबा उपडा झाला. मास्तरांनी डोळे मिटून चिकात हात घातला. चाळिसाव्या दाण्यापर्यंत दोघांचे हात मनगटापर्यंत बरबटले.

"नाइन्टी-सिक्स अवर्स झाले. तुमच्या रूलप्रमाणे किती हवं होतं?" सिद्धी फोनकडे वळली, आपली बोटं पाहिली आणि थांबली. "यक. आजोबा, तुम्ही सांगा ना."

"नवाचा वर्ग एक्याऐंशी. उरले पंधरा."

"मग पुढे?"

मास्तरांनी इकडेतिकडे कागद शोधला. मग त्यांनी ओट्यावरच्या चिकातच बोटाने शहाण्णव लिहिले, पुढे दोन शून्यं काढली.

"सो ग्रोस," म्हणत सिद्धी त्यांच्या शेजारी सरकली.